हिकरी बेंडचा डॉक्टर कोण?

हिकरी बेंड, इलिनॉय
१४ ऑक्टोबर १८७६

ऑरिन,

पोचल्याचं कळवायला तुला दहा दिवस लागले, आणि कळवलंस काय, तर खाणावळीतली बाई तिन्ही वेळा सुकवलेले आलुबुखार वाढते! अरे, शिकागोला तू डॉक्टर व्हायला गेला आहेस. तुझे आईवडील गेल्यावर बाबांनी भावाचा पोरगा म्हणून तुला वाढवलं, कॉलेजात घातलं, ते आलुबुखाराच्या बातम्या ऐकायला नाही.

बाबांच्या डोळ्यांचं विचारलंस. काचबिंदूचं पुढे काय होणार? दिवस आहे की रात्र, तेही कळत नाही. गावाला मात्र अजून वाटतं की डॉक्टर एझ्रा क्रॅन्डलची नजर वयाने जरा मंद झाली आहे, उजेड सोसत नाही म्हणून हिरवा चष्मा लावतात. खरं काय ते तुला आणि मलाच ठाऊक. बग्गी मी हाकते. बाबा रोग्याचा हात हातात घेऊन बसतात. मी वही उघडून विचारते, "बाबा, जीभ कोरडी, कडा लाल, असं लिहू ना?" बाबा म्हणतात, "लिही." घरच्यांना वाटतं, डॉक्टर सांगतात आणि पोरगी उतरवून घेते. दहा वर्षं हे असंच बिनबोभाट चाललं आहे.

पण आता बाबा थकले, ऑरिन. परवा एका घरी हात हातात धरूनच चक्क झोपी गेले. मी खोकले, तर दचकून म्हणाले, "लिही!" मी काही विचारलंच नव्हतं. हसू दाबताना माझी पुरेवाट झाली, आणि बग्गीत बसल्यावर रडू आलं.

तेव्हा आपलं ठरलंय ते विसरू नकोस. मार्चमध्ये तू पदवी घेऊन यायचंस, दारावर तुझी पाटी लागेल, बाबा मानाने घरी बसतील आणि कुणाला कधी काही कळणार नाही. आणि हो, वर्गात शिकवतील ते सगळं लिहून पाठव. मागच्या वर्षीच्या तुझ्या वह्या मी तीनदा वाचून काढल्या. या वर्षी नवीन काय शिकवतात त्याची मला भारी उत्सुकता आहे.

हुल्डा


शिकागो
२५ ऑक्टोबर १८७६

हुल्डा,

नवीन? अगं, कसलं नवीन घेऊन बसलीस! मागच्या वर्षीच्या वह्या काढ आणि चौथ्यांदा वाच. तीच व्याख्यानं आहेत! अगदी शब्दन् शब्द तीच! पदवीला दोन वर्षं लागतात म्हणजे एकच वर्ष दोनदा बसायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रोफेसर थ्रॅशरनी कालही त्या शेतकऱ्याचा विनोद सांगितला, ज्याला डॉक्टरने सहा जळवा दिल्या होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत आम्ही जुने शंभर जण एका सुरात ओरडलो, "तीन मी कच्च्या गिळल्या, तीन बायकोने तळून दिल्या!" म्हातारा पाच मिनिटं रुसून बसला, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.

उशिरा येणाऱ्याला इथे एक शिक्षा आहे. पुढच्या बाकावरचे त्याला उचलतात आणि डोक्यांवरून हातोहात देत सगळ्यात वरच्या बाकावर नेऊन टाकतात. काल माझी वरात निघाली. एक बूट खालीच राहिला. तिथे खाली टेबलावर सर्जन कुणाचा तरी पाय कापत होते. मला त्या रोग्याचा एक अंगठा दिसला, बस्स. पण रक्ताचा वास आला आणि मी गार पडलो. तेवढ्यासाठी वरचा बाक बराच म्हणायचा.

हसू नकोस. मी डॉक्टर होणार आहे, काकांना सांग. फक्त झोप आवरत नाही. तू असं कर, मला प्रश्न पाठव. तुझ्या डोक्यात नेहमी दोन-चार खुपणारे प्रश्न असतातच. मी ते उभा राहून विचारीन. निदान जागा तरी राहीन!

ऑरिन


हिकरी बेंड
६ नोव्हेंबर १८७६

ऑरिन,

घे प्रश्न. तूच मागितलास, आता पळू नकोस.

तुझ्या वहीत प्रोफेसर थ्रॅशर म्हणतात, न्यूमोनिया दिसला की पहिल्याच दिवशी शीर उघडा, वाटीभर रक्त काढा, आणि मग पाऱ्याची पूड सुरू करा. बरं. दहा वर्षांत आमच्या वहीत न्यूमोनियाचे चौसष्ट रोगी आहेत. मी रविवारी बसून सगळे मोजले. एकाचंही रक्त काढलेलं नाही, एकालाही पारा दिलेला नाही. खिडकी उघडी, दूध, मांसाचा रस्सा, पाठीला उशा, आणि ताप उतरेपर्यंत दिवसातून दोनदा जाऊन बघायचं. चौसष्टांपैकी सत्तावन उठून कामाला लागले. विचार त्यांना, तुमचे किती उठले?

आणि थांब, गंमत सांगायची राहिली! सुरुवातीला बाबासुद्धा पाराच द्यायला सांगत. सहासष्ट सालच्या हिवाळ्यात न्यूमोनियाच्या पहिल्याच बाईला मी तो दिलाच नाही. "लिही" म्हणाले, मी लिहिलं, आणि दिलं नाही. ती वाचली. परतीच्या वाटेवर मी कबूल केलं. मला वाटलं, आता बग्गीतून उतरवतात! बाबांनी मैलभर बग्गी जाऊ दिली. मग म्हणाले, "उद्याच्या रोग्यालाही देऊ नकोस." त्या दिवशी मला जे वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज तुला सांगितलं.

हुल्डा


शिकागो
२ डिसेंबर १८७६

हुल्डा! हुल्डा! हुल्डा!

काय आग लावलीस गं तू! मी उभा राहिलो. म्हटलं, "सर, आमच्या गावी चौसष्ट रोग्यांपैकी सत्तावन रक्त न काढता वाचले. आपले किती वाचले?" म्हातारा म्हणाला, "चौसष्ट कुणी मोजले?" मी म्हटलं, "आम्ही मोजले, सर. तारखेनिशी आहेत." "आणि मी मोजले नाहीत असं तुमचं म्हणणं आहे?" मी म्हटलं, "मोजले असतील तर सांगा ना, सर!"

अगं, तीनशे जण पाय आपटायला लागले! छताची धूळ पडली. मला पुन्हा उचलून वर नेलं, पण या वेळी जयजयकार करत. आणि दोन्ही बूट पायात!

मला वाटलं, संपलं, आता नाव कापतात. पण नंतर म्हाताऱ्याने खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि हळूच विचारलं, "मांसाचा रस्सा किती वेळा देता?" तीस वर्षांत त्यांना कुणी प्रश्नच विचारला नव्हता, हुल्डा. आता ते मला रोज पहिल्या बाकावर बसवतात. पोरं मला "चौसष्ट" म्हणून हाक मारतात.

आता एक मागणं आहे. रागावू नकोस. पदवीसाठी प्रत्येकाला स्वतःच्या अक्षरात एक प्रबंध लिहून द्यावा लागतो. थ्रॅशर म्हणतात, तू चौसष्टांवरच लिही. मी एक पान लिहिलं. त्यात मला माहीत होतं ते सगळं आलं, आणि तरी अर्धं पान कोरं राहिलं. तू लिहून पाठवशील? मी उतरवून काढीन.

ऑरिन


हिकरी बेंड
१० जानेवारी १८७७

ऑरिन,

सोबत एकोणतीस पानं आहेत. नीट उतरव. आकडे चुकवशील तर शिकागोला येऊन कान धरीन.

लिहिताना मजा आली, खोटं कशाला बोलू? तीन आठवडे मी दुसरं काही केलंच नाही. मक्याची भाकरी दोनदा करपली. बाबा विचारत, काय खरडतेस? मी म्हणे, ऑरिनला पत्र. "एवढं लांब? प्रेमात पडला का कुणाच्या?" मी म्हटलं, हो, न्यूमोनियाच्या!

शेवटच्या पानावर सवयीने खाली माझं नाव लिहिलं गेलं होतं. ते खोडलं आहे. तिथे तुझं घाल. माझी काही तक्रार नाही. अट एकच, मार्चमध्ये घरी यायचं. माझी पानं, तुझं नाव, आणि बाबांचा मान. तिघांचं भलं होतं त्यात.

हुल्डा


शिकागो
३ मार्च १८७७

हुल्डा,

झालो! डॉक्टर झालो! मेंढीच्या कातड्यावर लॅटिनमध्ये छापून दिलंय. मला त्यातलं माझं नाव तेवढं वाचता येतं.

परीक्षा कशी असते ऐक. सात खोल्या, सात प्रोफेसर, प्रत्येकाकडे पाच मिनिटं. घंटा वाजली की पुढच्या खोलीत पळायचं. शेवटी सातही जण एका पेटीत गोळी टाकतात, पांढरी म्हणजे पास, काळी म्हणजे घरी जा. मी पहिल्या खोलीत गेलो तर ते म्हणाले, "तो चौसष्टवाला तूच का?" आणि पाच मिनिटं माझ्याशी हात मिळवत बसले. दुसऱ्या खोलीत तेच. सात खोल्यांत मला मिळून दोन प्रश्न विचारले गेले, त्यातला एक खाणावळीचा होता. सातही गोळ्या पांढऱ्या!

फक्त एक आहे. मी लगेच येत नाही. इथे थोडा अनुभव घेतो. दोन-तीन महिने. सगळेच घेतात. काकांना सांग, काळजी नको.

ऑरिन


हिकरी बेंड
४ जून १८७७

ऑरिन,

तीन महिने झाले. तुझी तीन पत्रं आली, आणि तिन्हींत हवापाण्याच्या गप्पा. हा अनुभव तू कुठून घेतो आहेस, चंद्रावरून?

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे, वाच. राज्यात कायदा झाला. एक जुलैपासून ज्याच्याकडे मान्य कॉलेजची पदवी असेल त्यानेच वैद्यकी करायची. पदवी नसेल त्याने आरोग्य मंडळाची परीक्षा द्यायची. ज्याने दहा वर्षं याच राज्यात रोगी तपासल्याचं शेजाऱ्यांच्या शपथेवर सिद्ध होईल, त्याला परीक्षा माफ. म्हणजे बाबांना हात कुणी लावणार नाही. पण बाबा एप्रिलपासून घराबाहेर पडलेले नाहीत, गुडघे गेले. मी एकटीच जाते. "डॉक्टरांनी पाठवलंय" म्हणते. एक जुलैला तो गुन्हा होईल.

तालुक्यात सतरा मैलांत दुसरा डॉक्टर नाही. काल एका बाईचं बाळंतपण अडलं होतं, बाळ पायाळू. दोन तास लागले, दोघं सुखरूप आहेत. महिनाभराने असं झालं तर मी घरात बसून राहू का?

जे काय असेल ते खरं लिही. आणि ये!

हुल्डा


शिकागो
१२ जून १८७७

हुल्डा,

खरं लिहितो. बसून वाच.

पदवी मिळाल्याच्या चौथ्या दिवशी खाणावळीची बाई धावत वर आली. "डॉक्टर आहात ना? चला!" खालच्या खोलीतली बाई अडली होती. दोन वर्षांत मी बाळंतपण एकदाच पाहिलं होतं, कातड्याच्या बाहुलीचं, तेही चौदाव्या बाकावरून. ती बाई माझ्याकडे बघत होती, हुल्डा. मी तिची नाडी धरली आणि मला आकडेच आठवेनात. तेवढ्यात गल्लीतली जर्मन सुईण आली. माझ्याकडे एकदा नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, "पोरा, तू पाण्याकडे बघ." मी पाण्याकडे बघितलं. बाळ झालं, छान झालं. मी पातेलं घेऊन उभा होतो. डॉक्टर म्हणून माझी कारकीर्द तेवढीच.

त्यानंतर लाजेने येववेना. आता मी काय करतो सांगू? लाकडी पाय करतो! हसलीस ना? यादवी युद्धात पाय गेलेली माणसं बारा वर्षं कुबड्या घेऊन फिरताहेत गं. इथल्या कारखान्यात मी गुडघ्याची बिजागरी बसवतो. परवा एक सार्जंट पाय लावून उठला, दोन पावलं टाकली, आणि मला मिठी मारून नाचायला लागला. दोघंही पडलो! मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. मी डॉक्टर नाही, हुल्डा. मी सुतार आहे, आणि चांगला आहे.

आणि तू डोळे उघडून तेच कात्रण पुन्हा वाच. दहा वर्षं! तुझी अकरा व्हायला आली! शेजाऱ्यांना शपथेवर सांगू दे की आम्हांला हुल्डाने बरं केलं. परीक्षाच नको! यात अडचण काय आहे?

ऑरिन


स्प्रिंगफील्ड
१५ नोव्हेंबर १८७७

ऑरिन,

अडचण काय, म्हणे! शेजाऱ्यांनी शपथ घ्यायची तर त्यांना आधी हे सांगायला हवं की अकरा वर्षं तुमचा डॉक्टर आंधळा होता. ज्या माणसाला रस्त्यात बघून लोक टोपी काढतात, त्याला उतारवयात खोटारडा ठरवू? माझ्या हातून ते होणार नाही. तो विषय बंद.

म्हणून मी परीक्षा दिली! आज! आत्ताच बाहेर आले आणि स्टेशनवर बसून हे लिहिते आहे. पाच महिने मला ताटकळत ठेवलं मंडळाने. त्यात बाळंतपणं सुईणीच्या नात्याने केली, तिला कायद्यात मनाई नाही. बाकीच्यांना सतरा मैल पाठवलं. दोघं वाटेतच गेले. ते मला विसरता येत नाहीत.

बाबांना सांगितलंय की कापड घ्यायला जाते. खोलीत एकोणीस पुरुष आणि मी. एकाने मला शाई आणायला सांगितली. आणली. मग त्याच्या शेजारी बसून लिहायला लागले, तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतंस!

प्रश्न बघ काय आला, "न्यूमोनियाचे उपचार सकारण लिहा." सकारण! मी अशी सुटले की विचारू नकोस. चौसष्ट रोगी, सत्तावन, सगळं. वेळ संपल्यावर कागद ओढून घ्यावा लागला. मी पास आहे, ऑरिन. मला माहीत आहे. गाडी आली, जाते!

हुल्डा


हिकरी बेंड
८ डिसेंबर १८७७

ऑरिन,

मंडळाचं पत्र आलं आहे. तुला म्हणून जसंच्या तसं सांगते. माझं न्यूमोनियाचं उत्तर "डॉ. ऑरिन क्रॅन्डल यांच्या मेमध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखातून आकड्यांसकट चोरलेलं" आहे. तीस दिवसांत खुलासा करा, नाहीतर अर्ज कायमचा बाद.

प्रसिद्ध झालेला लेख! कुठे? केव्हा? मेपासून आजवर तू मला किती पत्रं लिहिलीस? एका पत्रात एक ओळ लिहायला काय झालं होतं? मला माहीत असतं तर मी दुसरं काही लिहिलं असतं. मी माझीच चोर ठरले, ऑरिन. माझ्याच रोग्यांची.

वही दाखवली तर सुटेन. पण अकरा वर्षांची वही माझ्या अक्षरात का, हे विचारतीलच. मी अर्ज मागे घेते आहे. तू काही करू नकोस. बाबांना यातलं काहीच माहीत नाही आणि होणारही नाही. पत्रं मीच वाचून दाखवते त्यांना.

हुल्डा


शिकागो
१३ डिसेंबर १८७७

प्रिय एझ्राकाका,

हे पत्र तुम्हांला आहे, हुल्डाला नाही. पण ते हुल्डाच तुम्हांला वाचून दाखवणार, दुसरं आहे कोण? तेव्हा आधी तिला सांगतो. हुल्डा, मोठ्याने वाच. एकही शब्द गाळायचा नाही. लहानपणी माझ्या वाट्याच्या सफरचंदाच्या वड्या तू खाल्ल्यास, त्याची शपथ आहे तुला.

काका, मी डॉक्टर झालो ते हुल्डाच्या प्रश्नांवर आणि हुल्डाच्या प्रबंधावर. एकोणतीस पानं तिची, नाव तेवढं माझं. थ्रॅशरसाहेबांनी तो मासिकात छापला. मला तिला सांगायची लाज वाटली आणि मी गप्प बसलो. हे माझं सगळ्यात वाईट कृत्य.

नोव्हेंबरमध्ये हुल्डा कापड आणायला गेली नव्हती. मंडळाची परीक्षा द्यायला गेली होती. आता ती थांबली असेल. हुल्डा, वाच!

तिने चौसष्ट रोग्यांवर लिहिलं, आणि मंडळाने तिला माझी चोर ठरवलं. ती अर्ज मागे घेते आहे. का, तर वही दाखवली तर तुमचे डोळे अकरा वर्षांपूर्वीच गेले हे जगाला कळेल. तुमच्या मानासाठी ती घरात बसणार. रोगी सतरा मैलांवर जाणार. दोघं वाटेत मेले, तेही तिने तुम्हांला सांगितलं नसेल.

मी माझं काम केलं आहे. पदवी कॉलेजला परत पाठवली, प्रबंध माझा नाही असं शपथपत्र मंडळाला पाठवलं. लाकडी पायांना पदवी लागत नाही. पण मंडळाला माझा शब्द पुरणार नाही. ते विचारतील, मग ते रोगी कुणाचे? ते तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर मी तुम्हांला दोष देणार नाही. पण तुम्हांला विचारलंसुद्धा नाही, हे बरोबर नव्हतं.

तुमचा, ऑरिन

हुल्डा, शेवटपर्यंत वाचलंस ना?


हिकरी बेंड
२२ जानेवारी १८७८

ऑरिन,

वाचलं. सगळं. तू "वाच!" लिहिलं होतंस तिथे मी खरोखरच थांबले होते. मेल्या, तुला कसं कळलं?

बाबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, चाचपून घडी घातली. मग म्हणाले, "आजवर किती पत्रं तू मला गाळून वाचून दाखवलीस?" म्हटलं, बरीच. म्हणाले, "मीही तुला आंधळीच समजत होतो. मला वाटलं, तुला हे काम ओझं वाटतंय आणि ऑरिन आला की तू सुटशील." मग माझा हात शोधला आणि म्हणाले, "हुल्डा, तुला डॉक्टर व्हायचं होतं?" मी हो म्हणाले. बत्तीसाव्या वर्षी पहिल्यांदा तोंडातून निघालं ते.

त्या रविवारी चर्चमधली प्रार्थना संपल्यावर बाबा उभे राहिले. चष्मा काढला. म्हणाले, "सहासष्ट सालच्या शरदापासून मला तुमच्यापैकी एकाचाही चेहरा दिसलेला नाही. तेव्हापासून तुम्हांला जे बरं केलं ते हिने. मी तुमचा हात धरून बसत होतो, बाकी काही नाही. फसवलं ते मी. हिला मीच गप्प बसवलं होतं."

तुला वाटत असेल, लोकांनी टाळ्या वाजवल्या. छे! केवढा गोंधळ! एकजण ओरडला, "म्हणजे माझं गळू पोरीने कापलं?" त्याची बायको म्हणाली, "आणि बरं झालं ना? मग बस खाली!" काही जण निघून गेले. मग लोव्हिना पेक उठली. नदीपलीकडे राहते ती, तिची थोरली सूझन बहात्तर साली घटसर्पाने गेली. बाबांकडे बघितलंही नाही. मला विचारलं, "सूझनच्या वेळी ठरवत कोण होतं?"

ऑरिन, मला पळून जावंसं वाटलं. म्हटलं, "मी."

ती वळली आणि बाहेर गेली.

तालुक्याचा कारकून आला, तेव्हा बावीस जणांनी शपथेवर सही केली. कायद्याने मला आठ पुरले असते. वही गेली, बाबांचं शपथपत्र गेलं, तुझं तिथे होतंच. गेल्या मंगळवारी दाखला आला. परीक्षेचा नाही! परीक्षा मला लागतच नव्हती म्हणे. "दहा वर्षांहून अधिक काळ या राज्यात वैद्यकी केल्यामुळे, हुल्डा क्रॅन्डल." मी किंचाळले, बाबा दचकून उठले, गुडघे विसरले आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात नाचलो. तुझ्या सार्जंटसारखे पडलो नाही एवढंच.

आणि मग पाच दिवस कुणीच बोलवायला आलं नाही. एकही माणूस नाही. सही करणं वेगळं आणि पोराचा ताप हातात देणं वेगळं. मी बग्गी धुतली, बाटल्या धुतल्या, त्याच बाटल्या पुन्हा धुतल्या. बाबा म्हणाले, थांब. मी म्हटलं, कुणासाठी थांबू?

काल दुपारी दार वाजलं. लोव्हिना पेक. "डॉक्टर आहेत का घरात?" बाबा सवयीने खुर्चीतून उठायला लागले. ती म्हणाली, "तुम्ही नाही, एझ्रा. बसा." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "धाकटीला ताप आहे. घसा दुखतो म्हणते."

घसा म्हणाली आणि मला सूझन आठवली. तिच्याकडे बघवेना. तिच्या घरी गेल्यावर ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि सारा वेळ माझे हात बघत राहिली. मी वही उघडली नाही, कुणाला विचारलं नाही. दिवा जवळ घेतला, घसा बघितला, मान चाचपली, पुन्हा घसा बघितला. घटसर्पाचा पडदा नाही, ऑरिन. पांढरं काही नाही. नुसता लाल. मी ते तिला सांगितलं, आणि हेही सांगितलं की उद्या पुन्हा बघितल्याशिवाय मी खात्री देणार नाही.

ती म्हणाली, "सूझनच्या वेळीही असंच सांगितलं होतंस. लिहू ना, असं एझ्रांना विचारत होतीस, पण बघत होतीस माझ्याकडे."

मी म्हटलं, "हो."

"उद्या येशील?"

"येईन."

"किती वाजता?"

आठ वाजता म्हणाले. आता साडेसात झाले आहेत, मी निघते.

हुल्डा